लडाखची सहल : पहिले दोन दिवस रिकामे का ठेवतो?

आमच्या नऊ दिवसांच्या लडाख सहलीचा कार्यक्रम हाती पडला की बहुतेक ग्राहक एकच प्रश्न विचारतात : लेहला पोहोचल्यानंतरचे पहिले दोन दिवस कोरे का ठेवले आहेत, आणि नुसते बसून राहण्याचे पैसे आम्ही का भरायचे? हीच ठिकाणे सहा दिवसांत उरकणारे कार्यक्रम बाजारात मिळतात, हे आम्हालाही ठाऊक आहे. आपण आमच्याबरोबर जा, दुसऱ्या कोणाबरोबर जा किंवा स्वतःच्या स्वतः जा. विमानाची तिकिटे काढण्याआधी हे माहितीपत्रक घरातल्या सर्वांनी एकदा वाचावे, एवढीच विनंती आहे.

उंचीचा हिशोब

महाराष्ट्रातील सर्वांत उंच शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे. लेह शहर सुमारे ३,५०० मीटरांवर वसले आहे, म्हणजे एका कळसूबाईवर दुसरी रचली तरी ती लेहच्या बाजारपेठेपर्यंत पोहोचणार नाही. तेथील हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते, मात्र हवेचा दाब समुद्रकिनाऱ्याच्या मानाने साधारण ६५ टक्के उरतो आणि त्यामुळे प्रत्येक श्वासागणिक शरीराला मिळणारा प्राणवायू त्याच हिशोबाने घटतो. पुण्याहून नेलेले वेफर्सचे पाकीट लेहच्या खोलीत बॅगेतून काढले की उशीसारखे टम्म फुगलेले दिसते, आणि पाणी ८८ अंशांच्या आसपासच उकळत असल्यामुळे कुकरशिवाय डाळ शिजता शिजत नाही.

शरीर या विरळ हवेशी जुळवून घेते, पण ते स्वतःच्या गतीने. आधी श्वास जलद होतो, मग रक्तातील बदललेले रासायनिक संतुलन मूत्रपिंडे हळूहळू सावरतात, आणि या कामाला काही दिवस लागतात. पहिल्या दिवशी वारंवार लघवीला जावे लागते, ते याच खटपटीचे लक्षण आहे. त्यासाठी पाणी पिणे कमी करू नये. दर रविवारी सिंहगड चढणाऱ्या तरुणालाही येथे सवलत नाही. उलट आमचा अनुभव असा, की पहिल्या दिवशी त्रास होतो तो बहुधा अशाच धडधाकट मंडळींना, कारण खोलीत स्वस्थ बसणे त्यांना जमत नाही.

सुरुवातीच्या काळात आम्हीही ही चूक केली आहे. सकाळच्या विमानाने उतरलेल्या गटाला आम्ही त्याच संध्याकाळी शांती स्तूपाच्या पायऱ्या चढवल्या. सूर्यास्त अप्रतिम दिसला. रात्री मात्र अर्धा गट डोके धरून बसला होता आणि दोघांना उलट्या सुरू झाल्या होत्या. तेव्हापासून पहिल्या दिवशी जेवण, झोप आणि हॉटेलच्या अंगणातील खुर्ची, एवढाच कार्यक्रम असतो. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी बाजारात सावकाश फेरफटका मारता येतो.

मार्ग आणि मुक्काम

वाऱ्यामुळे आणि विरळ हवेमुळे लेहची विमाने प्रामुख्याने सकाळीच ये-जा करतात. पुण्या-मुंबईहून मध्यरात्री निघून, दिल्लीच्या विमानतळावर बाकावर रात्र काढून पहाटेचे विमान पकडणे स्वस्त पडते, परंतु जागरणाने थकलेले शरीर थेट ३,५०० मीटरांवर नेऊन सोडणे आम्हाला पटत नाही. म्हणून दिल्लीत एक मुक्काम आम्ही धरूनच चालतो. हवामान बिघडले तर लेहची विमाने रद्द होतात. तेव्हा परतीच्या दुसऱ्याच दिवशी कार्यालयात हजर राहण्याचे वचन कोणालाही देऊ नये.

रस्त्याने जायचे असल्यास श्रीनगरकडून जाणे आम्ही अधिक योग्य मानतो. श्रीनगर, सोनमर्ग, कारगिल अशी मुक्कामाची उंची टप्प्याटप्प्याने वाढते. ३,५२८ मीटरांची झोजिला खिंड ओलांडली तरी रात्र कारगिलला सुमारे २,७०० मीटरांवर जाते. मनालीच्या वाटेवर अनेक कार्यक्रमांत दुसराच मुक्काम सुमारे ४,३०० मीटरांवरील सरचूच्या तंबूंत असतो, आणि ती रात्र बहुतेकांना जड जाते. मनालीचा रस्ता आम्ही परतीसाठी ठेवतो, कारण तोवर शरीर सरावलेले असते.

३,००० मीटरांच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची रोज ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये, असा वैद्यकीय सल्ला आहे. दिवसा कितीही उंच खिंड ओलांडली, तरी रात्री आपण कोठे झोपतो हे अधिक महत्त्वाचे असते. याच कारणाने आम्ही आधी नुब्रा खोऱ्यात जातो. वाटेत खारदुंग ला ही खिंड लागते. तेथील पाटीवर अनेक वर्षे १८,३८० फूट असा आकडा मिरवत होता, प्रत्यक्षात मोजणीत खिंड ५,३५९ मीटर, म्हणजे सुमारे १७,५८० फूट भरली. आठशे फुटांचा हा फरक आपल्या फुप्फुसांना कळणार नाही, कारण हवेचा दाब तेथे जवळपास निम्मा असतो. छायाचित्रे काढून पंधरा-वीस मिनिटांत निघावे. चालक घाई करतो म्हणून त्याच्यावर रागावू नये. पलीकडची नुब्रातील दिस्कित आणि हुंडर ही गावे मात्र लेहपेक्षा खाली आहेत, त्यामुळे तेथे झोप चांगली लागते.

पँगाँग सरोवराकाठचा मुक्काम सुमारे ४,२५० मीटरांवर होतो आणि नुब्राहून थेट तेथे जाताना वरचा नियम मोडतो, हे आम्ही लपवत नाही. म्हणूनच तो मुक्काम आम्ही पाचव्या रात्रीच्या आधी ठेवत नाही आणि एकाहून अधिक रात्री ठेवत नाही. ज्यांना आधी त्रास झाला असेल, त्यांना लेहहून चांग ला या खिंडीमार्गे एका दिवसात सरोवर दाखवून परत आणता येते.

त्रास कसा ओळखावा

डोकेदुखी, मळमळ, भूक मंदावणे आणि झोप न लागणे या तक्रारी सौम्य असतील तर विश्रांतीने एक-दोन दिवसांत ओसरतात. तोपर्यंत आणखी वर जायचे नाही. झोपेत काही क्षण श्वास थांबून मग एकदम खोल श्वास येणे हेही या उंचीवर नेहमीचेच आहे. शेजारी जागी असलेली व्यक्ती त्याने घाबरून जाते, म्हणून मुद्दाम आधी सांगत आहोत. परंतु बसल्या जागी धाप लागणे, सतत खोकला येणे, बोलण्यात असंबद्धपणा येणे किंवा सरळ रेषेत चालताना तोल जाणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट न पाहता खाली उतरावे लागते, मग मध्यरात्र का असेना. अशा वेळी निर्णय आमचा गटप्रमुख घेईल आणि त्यावर चर्चा होणार नाही.

उंचीचा त्रास टाळण्यासाठीची डायमॉक्स ही गोळी अनेकजण ऐकून माहीत असल्यामुळे स्वतःच घेतात. ती उपयुक्त आहे, मात्र सल्फा औषधांची ॲलर्जी असणाऱ्यांना ती चालेलच असे नाही. त्यामुळे आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच आणि शक्यतो प्रवासाच्या आदल्या दिवसापासून सुरू करावी. रुमालात कापराची वडी बांधून हुंगत राहण्याची आपल्याकडे पद्धत आहे. तिने नाक मोकळे झाल्यासारखे वाटते, रक्तातील प्राणवायू वाढत नाही. कापूर जवळ ठेवण्यास आमची हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर दुखणे अंगावर काढू नये.

हृदयविकार, दमा, अनियंत्रित रक्तदाब किंवा नुकतीच झालेली शस्त्रक्रिया असल्यास ते नोंदणीच्या वेळीच कळवावे. विदर्भ आणि नंदुरबारकडील ग्राहकांना आम्ही आणखी एक गोष्ट आवर्जून विचारतो. तिकडे अधिक आढळणाऱ्या सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराचे केवळ वाहक असणाऱ्यांनाही, ज्यांना एरवी काहीच त्रास नसतो, अशा उंचीवर प्लीहेला इजा होण्याचा धोका असतो.

थोडे सामानाविषयी

जुलैत लेहला दुपारी शर्टावर फिरता येते आणि पँगाँगला रात्री लोकरीची टोपी लागते, तेव्हा एका जाड कोटापेक्षा एकावर एक घालता येतील असे कपडे आणावेत. जम्मू-काश्मीर आणि लडाखबाहेर घेतलेले प्रीपेड सिम तेथे चालत नाही. कुटुंबात एक तरी पोस्टपेड क्रमांक असावा. लेह सोडल्यावर रोख रक्कम जवळ ठेवावी. पाऊस अत्यल्प असल्यामुळे तेथील पाणी हिमनद्यांचे आणि मोजके असते, त्यामुळे हॉटेलात बादलीभर पाण्यात स्नान उरकावे.

आरोग्यविषयक अर्ज आपल्या डॉक्टरांच्या सहीसह प्रवासाच्या चार आठवडे आधी आमच्याकडे पोहोचला पाहिजे. अर्ज वाचून आम्ही कोणाला ही सहल नाकारली, तर भरलेली संपूर्ण रक्कम परत मिळेल.