ग्रुपवरची टिप आली, ऑर्डर देण्याआधी
(आमच्या ट्रेडिंग-डीमॅट ग्राहकांसाठी)

सोमवारी सव्वानऊला येणारे निम्मे फोन एकाच सुरातले: "काल लग्नात भावजी म्हणाले, हा शेअर लगेच घ्या." आपल्या माणसाचं ऐकून बाजारात येण्यात गैर काही नाही, बहुतेकांचं पहिलं डीमॅट तसंच उघडतं. फक्त चार माणसांत नफा सांगितला जातो आणि तोटा पोटात राहतो, एवढं धरून चाला.

खरा घोळ होतो तो वरच्या सर्किटला, म्हणजे एका दिवसातल्या भाववाढीच्या कमाल मर्यादेला, लागलेल्या छोट्या शेअरमध्ये. स्क्रीनवर खरेदीला दोन लाख शेअर उभे, विक्रीला शून्य. तुम्ही रांगेत लागता. मग ऑर्डर पुरी झाली, तर आनंद करण्याआधी एक विचार करा: इतकी मागणी असताना कुणी माल सोडला, तो का? यूट्यूबवरून भाव फुगवून असाच माल खपवल्याच्या प्रकरणांत सेबीने (शेअर बाजाराच्या नियामकाने) मार्च 2023 मध्ये आदेश काढले होते.

पुढे खालचं सर्किट लागतं. 5 टक्क्यांच्या मर्यादेत 100 चा शेअर 95, मग 90.25, आणि पाचव्या दिवशी 77 च्या आसपास. घेणारा नसेल तर आम्हाला दहा फोन करूनही विकला जात नाही. एकाच भावात ज्याची ऑर्डर आधी, त्याचा नंबर आधी. म्हणून लावलेल्या ऑर्डरचा भाव बदलू नका, संख्या वाढवू नका; नंबर मागे जातो.

एनएसईवर नावापुढे 'बीई' किंवा बीएसईवर 'टी' गट दिसला, तर तो शेअर त्याच दिवशी विकता येत नाही. डिलिव्हरी पुढच्या कामकाजाच्या दिवशी, विक्री त्यानंतर. हे खरेदीनंतर कळलं की राग आमच्यावर निघतो!

टिप देणाऱ्याला सेबीचा नोंदणी क्रमांक विचारा. रिसर्च अ‍ॅनालिस्टचा 'आयएनएच'ने सुरू होतो आणि सेबीच्या साइटवर पडताळता येतो.

फोनवरची ऑर्डर आम्ही रेकॉर्डिंगच्या लाइनवरच घेतो. काहींना हा ताठा वाटतो, पण ऑर्डर ग्राहकानेच दिल्याचा पुरावा ठेवणं ब्रोकरला बंधनकारक आहे.

'घ्या' किंवा 'नका घेऊ' आम्ही सांगणार नाही. सर्किटची मर्यादा, गट, एएसएम यादी (जादा देखरेखीखाली ठेवलेले शेअर) आणि प्रवर्तकांचे गहाण शेअर मात्र पाच मिनिटांत, विनाशुल्क दाखवू. दुपारी साडेतीननंतर निवांत या. कंपनीचं पूर्ण नाव लिहून आणा. मिळत्याजुळत्या नावाच्या दोन-दोन कंपन्या असतात.