सेनापती मागे का फिरला?

'ड्रॅगन एज: ओरिजिन्स' हा व्हिडिओ गेम २००९ साली आला. त्यातला सेनापती लोगेन ऑस्टागरच्या लढाईत 'चालून या' अशा खुणेचा जाळ पेटलेला पाहतो, तरी फौज घेऊन माघारी वळतो. राजा केलन, म्हणजे त्याचा सख्खा जावई, रणांगणावर मारला जातो. लोगेन गद्दार, की हरलेल्या लढाईतून निम्मी फौज वाचवणारा हिशेबी माणूस? वादाचा कीस काढायला ऐवज भरपूर आहे. परकीय ओर्लेच्या ताब्यातून देश सोडवायला लोगेन स्वतः लढलेला. इकडे केलन त्याच ओर्लेच्या सम्राज्ञीशी पत्रव्यवहार करत होता, हे २०१० च्या जोडभागातून उघड झालं. पण मग केलनचा मामा इमन याला विष घालायला लोगेनने माणूस पाठवला तो कधी? लढाईआधी पाठवला असेल, तर 'ऐनवेळी घेतलेला निर्णय' ही सबब टिकत नाही. माझं मत विचाराल तर लोगेनचा कट होता, पण राजाला मारण्याचा नव्हता.

गोव्यातल्या मराठी माणसाला असली खडाजंगी नवी नाही. पेडण्याकडच्या दशावतारी काल्यात आख्यान ठरलेलं, पण संवाद लिहिलेले नसतात. राजा का कोपला, राणीने का ऐकलं नाही, हे नट उभ्याउभ्या रचतो. कुणाची बाजू लंगडी पडली की समोरचा नट तिथेच पेचात धरतो आणि प्रेक्षकांच्याही ते ध्यानात येतं. मात्र काय घडलं याबद्दल तिथे दुमत नसतं, भांडण असतं ते का घडलं यावर. गेममध्ये खेळणाऱ्याच्या निवडीमुळे काय घडलं हेच आधी ठरत नाही.

सुरुवातीला हा प्रश्नच नव्हता. १९७६ च्या 'कोलॉसल केव्ह अ‍ॅडव्हेंचर'मध्ये गुहेत शिरून खजिना आणायचा, एवढाच हेतू. १९८५ च्या 'अल्टिमा ४'ने खलनायकच काढून टाकला आणि खेळणाऱ्याच्या सचोटीची परीक्षा घेतली.

खरी पंचाईत केली १९९६ च्या 'डॅगरफॉल'ने. एका अजस्र यंत्रपुतळ्याचा ताबा कुणाला द्यायचा ते खेळणाऱ्याच्या हाती. बादशहाला दिला तर एक शेवट, ऑर्क नावाच्या राक्षसी जमातीच्या राजाला दिला तर दुसरा, मांत्रिकाला दिला तर तो देवपदी चढतो. मग पुढच्या भागात यातलं खरं काय धरायचं? लेखकांनी जाहीर केलं, सगळंच खरं! काळ तुटला आणि परस्परविरोधी घटना एकदमच घडल्या. २००२ च्या 'मॉरोविंड' या पुढच्या भागात अशा कालभंगांवर ग्रंथच सापडतात, तेही एकमेकांशी न जुळणारे. पळवाट म्हणा हवं तर, पण अशी झकास पळवाट विरळा.

निन्टेंडो कंपनीची 'झेल्डा' ही गेममालिका एवढी धीट निघाली नाही. २०११ साली त्यांनी अधिकृत कालक्रम छापला, त्यात १९९८ च्या 'ओकरीना ऑफ टाइम'नंतर तीन फांद्या. एका फांदीत नायक हरलेला, जे त्या गेमच्या कथेत कुठेच घडत नाही. चाहते खवळले. २०१७ च्या 'ब्रेथ ऑफ द वाइल्ड'ला मग कुठल्याच फांदीवर पक्कं बसवलेलं नाही.