४३२ हर्ट्झ हा ‘निसर्गाचा सूर’ आहे का?

‘जुने इटालियन संगीतकार निसर्गाच्या ४३२ हर्ट्झवर वाजवत, ४४० नंतर लादलं गेलं’ हा मेसेज वर्षानुवर्षं फिरतोय. हे आकडे म्हणजे पाश्चात्त्य वाद्यं ज्या ‘ए’ सुराला जुळवतात, त्याची उंची, म्हणजेच पट्टी. ४३२चा इटलीशी संबंध खरा आहे, म्हणून तो पटतोही.

पण १९व्या शतकात युरोपभर एकच पट्टी नव्हतीच. वाद्यं झळाळून वाजावीत म्हणून पट्टी वर सरकत गेली आणि ऑपेरा गायकांचे गळे ताणले जाऊ लागले. फ्रान्सने १८५९ मध्ये ४३५ ठरवलं, इटलीने १८८४ मध्ये लष्करी बँडसाठी ४३२. पुढच्याच वर्षी व्हिएन्नाच्या परिषदेत ४३५ मान्य झालं, १९३९ मध्ये लंडनला ४४०. हे सगळे माणसांनी सोयीसाठी केलेले करार.

शिवाय हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. सेकंदच आपण ठरवलेला. तो थोडा लांब धरला असता, तर त्याच सुराचा आकडा बदलला असता.

पडताळायचं? एकच धून दोन्ही पट्ट्यांत, कोणती ते न सांगता, कुणाला तरी वाजवायला सांगा. फरक अर्ध्या सुराच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाएवढा. आपले गायक तर गळ्याला मानवेल तो षड्ज (सा) धरतात: कुणी हार्मोनियमची काळी एक, कुणी पांढरी चार.