सामूहिक वनहक्काचा दावा टाकायचाय? आधी गावात अभ्यासगट बसवा, मग फॉर्म भरा

बऱ्याच गावांतून विचारणा होते की जंगलावर गावाचा हक्क मिळवायला अर्ज कुठं मिळतो. अर्ज फुकट मिळतो, ते सोपंय. अवघड आहे ते त्याआधीचं, आणि तिथंच मेंढा-लेखाकडून शिकण्यासारखंय. गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातलं हे गोंड गाव, २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळवणाऱ्या देशातल्या पहिल्या गावांपैकी एक, पण तिथं कायदा यायच्या कितीतरी आधीपासून अभ्यासगट बसायचा, जंगल, कायदा, हिशोब सगळं बसून समजून घ्यायचे आणि मग ग्रामसभेत सर्वसहमतीनं ठरवायचे. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा त्यांचीच. तेव्हा दहाजण रात्री बसून २००६ चा वनहक्क कायदा आणि २००८ चे नियम (२०१२ च्या दुरुस्तीसकट, ती फार महत्त्वाचीय) मोठ्यानं वाचा, एवढं तरी कराच.

पात्र कोण? १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून जंगलात राहणारे किंवा जगण्यासाठी जंगलावर अवलंबून असलेले आदिवासी. बिगर आदिवासी असतील तर तीन पिढ्या म्हणजे ७५ वर्षं त्या भागात राहिल्याचा पुरावा लागतो. राहिल्याचा, तीच जमीन ७५ वर्षं कसल्याचा नाही, यावरून लोकांना उगाच परत पाठवतात.

आता प्रक्रिया. ग्रामसभा बोलवायची, पेसा भागात (आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा जिथं लागू आहे तिथं) असाल तर गटग्रामपंचायतीची नाही, आपल्या टोल्याची-पाड्याची. निम्मे लोक हजर पाहिजेत आणि हजर असलेल्यांत किमान एकतृतीयांश बाया. त्यातून १० ते १५ जणांची वनहक्क समिती निवडायची, दोनतृतीयांश आदिवासी, एकतृतीयांश महिला. फॉर्म तीन आहेत: 'अ' वैयक्तिक (त्यात जास्तीत जास्त ४ हेक्टर), 'ब' चराई, मासेमारी, गौण वनउपज (बांबू, तेंदू, मोहफूल वगैरे) अशा सामूहिक हक्कांचा आणि 'क' गावाच्या पारंपरिक शिवेतलं अख्खं जंगल राखायचा, सांभाळायचा. लोक 'ब' भरून थांबतात आणि 'क' राहतो, तसं अजिबात करू नका, कारण व्यवस्थापनाचा खरा हक्क 'क' मध्येच आहे.

पुरावे कमीत कमी दोन पाहिजेत. निस्तार पत्रक (गावाला जंगलातून काय घ्यायचा हक्क आहे त्याची सरकारी नोंद), जुने नकाशे, गॅझेटिअर, जनगणनेची नोंद असेल तर उत्तमच. पण देवराई, स्मशान, जुनी विहीर, गुरं चारायची जागा, मोहफूल-तेंदू कुठून आणतो ती ठिकाणं, हेही कायद्यानं पुरावेच, आणि म्हाताऱ्या माणसाचा लेखी जबाबसुद्धा (दावेदार सोडून दुसऱ्याचा). म्हणून म्हाताऱ्यांना घेऊन शीव फिरा, प्रत्येक नाल्याचं, टेकडीचं नाव लिहून घ्या. सॅटेलाइट फोटो नसला तरी अडत नाही, तो इतर पुराव्यांना जोड म्हणून असतो, त्यांच्या जागी नाही.

स्थळपाहणीची तारीख वनविभाग आणि महसूल दोघांना लेखी कळवा आणि पोच घ्या, पोच नाही तर कळवलंच नाही असं होतं. ते आले नाहीत आणि नंतर त्याच कारणानं हरकत घेतली तर दावा एकदा फेरपाहणीला येतो, तेव्हाही आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम. मग ठराव करून सगळं उपविभागीय समितीकडे, म्हणजे प्रांताकडे, तिथून जिल्हाधिकाऱ्यांच्या जिल्हास्तरीय समितीकडे.

कागद अपुरे वाटले तर या समित्यांनी दावा परत ग्रामसभेकडे पाठवायचा असतो, परस्पर फेटाळायचा नसतो. आणि फेटाळलाच तर कारण लेखी मागा, उपविभागीय समितीच्या निर्णयाविरुद्ध जिल्हास्तरीय समितीकडे अपिलाला ६० दिवस मिळतात. तोंडी 'तुमचं नाही होत' ऐकून घरी गेलेली गावं मी बघितलीत, फार वाईट वाटतं.

हक्कपत्र आल्यावरही लढाई असतेच, मेंढा-लेखाला स्वतःचा बांबू विकायला वाहतूक परवाना पुस्तक हातात पडायला २०११ चा एप्रिल उजाडला. म्हणून फॉर्म दिला की अभ्यासगट मोडू नका, पुढचा विषय बांबू, तेंदूचा लिलाव आणि ग्रामसभेचं बँक खातं.