लढाईचा परशू की लाकूड तासायची कुऱ्हाड?

वीतभराहून रुंद पाते, एका बाजूला पंखासारखे पसरलेले टोक, वर ठोकून काढलेल्या चांदण्या आणि टिंबे. युरोपातली अशी गंजलेली कुऱ्हाड जुन्या सामानात निघाली की बघणाऱ्याच्या तोंडी पहिला शब्द येतो तो 'परशू'. बहुतेक वेळा ती सुताराची असते, आणि तिला शस्त्र म्हणून भिंतीवर टांगले की तिची खरी हुशारी कोणाच्या लक्षातच येत नाही.

आधी ती उचलून बघा. लढणाऱ्याला घाव हुकला तर परशू क्षणात मागे घ्यावा लागतो. म्हणून उत्तर युरोपातले मध्ययुगीन परशू दिसायला मोठे असले तरी हलके असत: पाते साधारण किलोभराचे, धारेकडे अगदी पातळ होत गेलेले. तासायच्या कुऱ्हाडीचे नुसते पातेच तीन-चार किलो भरू शकते. तिथे ते वजनच काम करते.

पण माझा सगळ्यात जास्त भरवसा धारेवर आहे. पाते डोळ्यांसमोर आडवे धरा आणि धार टोकाकडून न्याहाळा. परशूची धार दोन्ही अंगांनी सारखी उतरत येते. तासायच्या कुऱ्हाडीचे एक अंग पटाशीच्या पाठीसारखे सपाट असते आणि धारेचा सगळा उतार दुसऱ्या अंगाला. सपाट बाजूवर, दांड्याच्या भोकापासून धारेपर्यंत पट्टी टेकवली तर मध्ये फट दिसत नाही. धारेच्या लांबीत मात्र ही बाजू किंचित फुगीर असू शकते. तो दोष नव्हे, पात्याचे कोपरे लाकडात रुतू नयेत म्हणून केलेली सोय आहे.

हे असे का, ते काम डोळ्यांसमोर आणले की कळते. गोल ओंडक्याची चौकोनी तुळई करायची आहे. सुतार सूत मारून रेघ घेतो, साध्या कुऱ्हाडीने रेघेपर्यंत ठरावीक अंतरावर खाचा पाडतो आणि खाचांमधले लाकूड उडवतो. मग ही रुंद कुऱ्हाड. सपाट अंग लाकडाला चिकटून वरून खाली येते आणि पातळ ढलपे सुटत जातात. दोन्हीकडून उतार असलेली धार इथे सारखी आत घुसू बघेल. सपाट अंग तिला रेघेवर ठेवते.

बोटांचाही प्रश्न आहे. दांडा पात्याच्या सरळ रेषेत असेल तर हात ओंडक्यावर घासून सोलवटतील. म्हणून दांडाच बाहेर वाकवलेला असतो किंवा त्याचे भोक तिरके पाडलेले असते. दांडे मोडतात, बदलतात, त्यामुळे दांड्याच्या वाकावर विसंबू नका. तिरके भोक मात्र खोटे बोलत नाही. उजव्या आणि डावखुऱ्या हाताची कुऱ्हाड वेगळी, हेही त्यावरूनच कळते.

एक सावधगिरी. तासायच्या काही कुऱ्हाडींना दोन्ही अंगांनी धार असते. म्हणजे एका अंगाची धार दिसली तर निकाल लागला, दोन्ही अंगांची दिसली तर अजून वजन आणि पात्याची जाडी बघायची आहे. आणि हे ठरेपर्यंत ग्राइंडर लावू नका, एवढी कळकळीची विनंती. धारेचा मूळ उतार हाच पुरावा आहे, तो एका मिनिटात पुसला जातो.

नक्षीने तर काहीच सिद्ध होत नाही. डेन्मार्कमधल्या मामेन इथे 1868 मध्ये, 970-71 च्या सुमाराच्या थडग्यात सापडलेल्या परशूवर चांदीचे सुंदर जडावकाम आहे. पण जर्मन भाषक मुलखातल्या सुतारांनीही आपल्या कुऱ्हाडी हौसेने नटवल्या.

दोन्ही एकाच ठिकाणी बघायच्या असतील तर फ्रान्समधल्या बायो या गावचा 11व्या शतकातला भरतकाम केलेला सुमारे 70 मीटरचा पट बघावा. त्यात 1066 च्या इंग्लंडवरच्या नॉर्मन स्वारीसाठी जहाजे बांधली जात असताना एक सुतार आखूड दांड्याच्या रुंद कुऱ्हाडीने फळी तासतो आहे. पुढे लढाईत इंग्रज योद्ध्यांच्या हाती लांब दांड्याचे परशू आहेत, आणि ते त्यांनी दोन्ही हातांनी धरले आहेत.