पार्श्वभूमी : १.०.० नावाची फाइल आणि तिच्यातलं १.०.२

ऑगस्ट २०१९ च्या पुरात सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी ५७ फुटांवर गेलं. तळमजल्यावरच्या कचेऱ्यांतले संगणक बुडाले. बाजारपेठेतल्या अशाच एका कचेरीचा बॅकअप वरच्या मजल्यावर होता, म्हणून डेटा वाचला. नव्या मशीनवर डेबियन १० हे लिनक्स टाकलं, हिशेबाचा जुना प्रोग्राम जागेवर ठेवला, तर तो सुरूच होईना. तक्रार एकच, 'लिबएसएसएल डॉट एसओ डॉट १.०.०' सापडत नाही. डेबियन १० पुराच्या जेमतेम महिनाभर आधी, जुलैत आलं होतं आणि ओपनएसएसएलची १.० मालिका त्यातून गेली होती. ओपनएसएसएल म्हणजे माहिती सांकेतिक करून पाठवायला प्रोग्राम वापरतात ती लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच; न सापडणारी फाइल तिचीच. प्रोग्राम लिहिणारा केव्हाच गाव सोडून गेलेला, त्याचा सोर्स, म्हणजे मूळ कोड, कुणाकडेच नाही. राहिला मार्ग एकच, लायब्ररी तिच्या सोर्सवरून कंपाइल करायची, म्हणजे मूळ कोडपासून चालणारी फाइल बनवायची.

हे काम नवं नाही. नव्वदच्या दशकात लिनक्स यायचं ते संगणक मासिकासोबतच्या सीडीवर. सीडीवर जे नसेल ते कंपाइल करायचं, मध्ये वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. ओपनएसएसएलही त्याच काळातलं, १९९८ च्या अखेरचं. पण आजचा गुंता सुरू होतो मार्च २०१० मध्ये, १.०.० आल्यावर.

१.०.१ आली २०१२ मध्ये, १.०.२ आली जानेवारी २०१५ मध्ये. फाइलच्या नावातला आकडा मात्र तिन्हींत १.०.० च राहिला. याला निष्काळजीपणा म्हणणारे पुष्कळ भेटतात, पण तो मुद्दाम घेतलेला निर्णय होता. फाइलच्या नावातला आकडा म्हणजे आवृत्ती नव्हे, तो दिलेला शब्द आहे, वचन आहे. '१.०.० शी जोडलेला प्रोग्राम या फाइलवरही चालेल' एवढंच तो सांगतो. नवी फाइल जुन्याच नावाने आली, तर ती जुन्या प्रोग्रामला चालते म्हणूनच आली.

हे कळलं नाही की माणूस १.०.० ची टारफाइल, म्हणजे सोर्सचं गाठोडं, शोधत बसतो, आणि बहुतेक जण तेच करतात. २०१० मधलं, सुरक्षेच्या भोकांनी भरलेलं सॉफ्टवेअर, तेही नव्या कंपायलरवर, आणि तेही गरज नसताना. घ्यायची ती १.०.२ मालिकेतली शेवटची.

त्यात लिनक्सची पॅकेजं बांधणाऱ्यांनी भर घातली. उबंटू १४.०४ या लिनक्समध्ये पॅकेजचं नाव लिबएसएसएल १.०.०, आतली आवृत्ती १.०.१एफ. एप्रिल २०१४ मध्ये उघड झालेल्या हार्टब्लीड या सुरक्षादोषात सापडलेली शेवटची आवृत्ती हीच. मूळ दुरुस्ती १.०.१जी मध्ये झाली. उबंटूने दुरुस्ती जुन्याच अक्षरावर चढवली, त्यामुळे आवृत्ती विचारली की दुरुस्त मशीनही 'एफ' च सांगायचं. रेड हॅटच्या लिनक्समध्ये फाइलच्या नावातला आकडा १०. डेबियन ९ ने एसएसएल ३ या जुन्या सांकेतिक पद्धतीचा भाग काढला आणि नावच १.०.२ केलं. नियमाला धरून ते योग्यच होतं, कारण काही काढलं म्हणजे दिलेला शब्द मोडला. पण दुसऱ्या ठिकाणी बनलेली बायनरी, म्हणजे आधीच कंपाइल झालेला प्रोग्राम, घेऊन बसलेल्याला त्याचा उपयोग शून्य. मग लोक सिमलिंक टाकायचे, म्हणजे १.०.२ कडे बोट दाखवणारी १.०.० नावाची नुसती खूण. ती कधी चालायची, कधी नाही.

कंपाइल करताना अडतं ते भलत्याच जागी. १.०.२ ला 'शेअर्ड' असं स्पष्ट सांगितलं नाही तर ती फक्त स्टॅटिक, म्हणजे कंपाइल करतानाच प्रोग्राममध्ये मिसळायच्या, फाइली बनवते. मेक ही बांधणीची आज्ञा विनातक्रार पूर्ण होते आणि प्रोग्राम चालताना हवी ती एसओ फाइल कुठेच नसते. कचेरीतल्या मशीनवर पहिला दिवस यातच गेला. दुसऱ्या दिवशी फाइल मिळाली, प्रोग्राम उठला, पण दर वेळी 'आवृत्तीची माहिती उपलब्ध नाही' अशी ओळ छापू लागला. डेबियन-उबंटू आपल्या १.०.० मधल्या फंक्शनांवर आवृत्तीचा शिक्का मारत, मूळ सोर्समध्ये तो नव्हता. ओळ दिसली तरी काम अडत नाही. लायब्ररी 'ऑप्ट' या बाहेरच्या सॉफ्टवेअरसाठीच्या फोल्डरखाली वेगळी ठेवायची आणि तिचा पत्ता फक्त त्या एका प्रोग्रामला द्यायचा. सिस्टिमच्या फोल्डरात टाकली तर उद्या दुसरंच काहीतरी तिला जाऊन चिकटेल.

दरम्यान ऑगस्ट २०१६ च्या १.१.० ने लायब्ररीची आतली रचना प्रोग्रामांपासून झाकली. थेट आत हात घालणारा जुना कोड त्या दिवसापासून कंपाइल होईना, रुबी या प्रोग्रामिंग भाषेच्या २.३ आणि त्याआधीच्या आवृत्त्या त्यातच अडकल्या. १.०.२ चा जाहीर पाठिंबा २०१९ च्या अखेरीस संपला, शेवटचं अक्षर 'यू'. सप्टेंबर २०२१ मध्ये एकदम ३.० आली, २.० हा आकडा आधीच एका वेगळ्या मॉड्यूलला दिलेला होता. एप्रिल २०२२ च्या उबंटूत १.१ ही उरली नाही, तेव्हा हाच खेळ १.१ च्या नावाने पुन्हा सुरू झाला. सप्टेंबर २०२३ मध्ये १.१.१ चाही जाहीर पाठिंबा थांबला.

३.० पासूनच्या ३ मालिकेत फाइलच्या नावात फक्त ३ असतो. कचेरीतलं ते मशीन अजून १.०.२ वरच आहे. आता ते पहिल्या मजल्यावर असतं, आणि त्याला नेटची वायर जोडलेली नाही.