तडीपारी : गाव सोडायला लावणाऱ्या अधिकाराची पार्श्वभूमी

गणेशोत्सव किंवा निवडणूक जवळ आली की जळगाव, धुळे, नंदुरबारच्या पोलीस ठाण्यांतून प्रांताधिकाऱ्यांकडे हद्दपारीचे प्रस्ताव जाऊ लागतात. अमुक इतके जण तडीपार, एवढीच बातमी छापून येते. हा अधिकार येतो १९५१ च्या पोलीस अधिनियमातून. तेव्हा आपल्याकडे पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोनच जिल्हे होते.

त्याआधीचा काळ वेगळ्या जाचाचा. जन्मावरून गुन्हेगार ठरवणारा १८७१ चा इंग्रजी कायदा १९११ पासून मुंबई इलाख्यातही लागू करता येऊ लागला. पारध्यांसारख्या जमातींना हजेरी द्यावी लागे, परवान्याशिवाय गाव सोडता येत नसे. ३१ ऑगस्ट १९५२ ला तो देशभरातून रद्द झाला. गावातच डांबणारा कायदा गेला, गावाबाहेर काढणारा मात्र वर्षभर आधीच नव्याने लिहून झाला होता.

पोलीस अधिनियमाच्या कलम ५६ चा खरा पेच साक्षीदारांचा आहे. एखाद्याने हिंसेचे वा मालमत्तेचे गुन्हे केल्याचा वाजवी संशय आहे आणि भीतीपोटी लोक उघड साक्ष द्यायला धजत नाहीत, असे अधिकाऱ्याचे मत झाले की आदेश निघू शकतो. म्हणून प्रस्तावासोबत गोपनीय जबाब जोडतात. त्यांत साक्षीदाराचे नाव नसते. नोटिशीत बहुधा ‘एका इसमाला’ धमकावले एवढेच असते; कधी तारीख नाही, कधी जागा नाही. ‘मी त्या दिवशी तिथे नव्हतो’ हे माणसाने सांगायचे कसे?

१९५६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलम ५७, म्हणजे आधी शिक्षा झालेल्यांना हद्दपार करण्याचे कलम, वैध ठरवले. पाचपैकी एका न्यायमूर्तींचे मत वेगळे होते. त्याच न्यायालयाचा नंतरचा एक निकाल आणखी पुढे गेला : नोटिशीत आरोपांचे ढोबळ स्वरूप दिले तरी चालेल, सगळा तपशील दिला तर साक्षीदार ओळखू येतील आणि कायद्याचा हेतूच फसेल. दहशतीखाली जगणाऱ्या मोहल्ल्याचा विचार केला तर यात तथ्य आहे. पण त्यानंतर ढोबळपणा हीच रीत झाली, असे माझे स्पष्ट मत आहे. जो अपवाद म्हणून मान्य झाला तो छापील नमुन्यासारखा वापरला गेला. तुलनेसाठी १९८१ चा स्थानबद्धतेचा कायदा पाहा. त्यात माणसाला तुरुंगात टाकले की तीन आठवड्यांत प्रकरण सल्लागार मंडळापुढे ठेवावे लागते. तडीपाराला तेवढेही संरक्षण नाही, कारण तो ‘मोकळा’ असतो.

हे मोकळेपण जवळून पाहावे. रावेर-सावद्याकडे केळीचे घड गाडीत भरून पोट भरणारा माणूस घ्या. आदेशात जळगावसोबत लगतचे धुळे, नाशिक, बुलढाणाही घातले की त्याला बऱ्हाणपुरात खोली शोधावी लागते. मुले शाळेत इकडे, भाडे तिकडे, आणि ओळखीशिवाय काम नाही. आईच्या अंत्यविधीला यायचे तरी आधी लेखी परवानगी हवी. विनापरवाना परतला तर कलम १४२ खाली नवा गुन्हा.

न्यायालये अलीकडे कडक झाली आहेत. २०२१ मध्ये अमरावतीतल्या, माहिती अधिकार वापरणाऱ्या एका माणसाची हद्दपारी रद्द झाली. २८ जानेवारी २०२२ ला जालन्याच्या प्रकरणातला निकाल तर प्रत्येक प्रांत कार्यालयाने भिंतीवर लावावा असा आहे. हद्दपारी हा असाधारण उपाय आहे, तिने माणूस स्वतःच्या घराला आणि रोजगारालाही मुकू शकतो, असे त्यात म्हटले आहे. जुने गुन्हे उगाळून चालणार नाही, आणि कमाल मुदतीइतके, पूर्ण दोन वर्षे हद्दपार करायचे तर तेवढीच का, याची कारणे आदेशात दिसली पाहिजेत.

तरीही आदेश निघतात आणि निम्मी लढाई वेळेशीच असते. अपिलाला ३० दिवस; खानदेशातली ही अपिले नाशिकला विभागीय आयुक्तांपुढे चालतात, तिथून छत्रपती संभाजीनगरचे खंडपीठ. वकिलाची फी, तारखा, आणि या काळात स्थगिती मिळाली नाही तर माणूस बाहेरच. आदेश शेवटी रद्द झाला तरी बुडालेली मजुरी भरून देण्याची तरतूद या कायद्यात नाही.